परदेशातील पहिली मॅरेथॉन : पाच पूल, एक मुद्दल

ऑक्टोबर १९७८. नॉर्वेतील शिक्षिका ग्रेटे वाइट्झ पती जॅक यांच्यासह न्यूयॉर्कला आल्या, त्या मॅरेथॉन जिंकण्यासाठी नव्हे. ट्रॅकवरील शर्यतींत त्यांचे नाव मोठे होते. परंतु २१ किलोमीटरहून अधिक अंतर त्या एका दमात कधीच धावल्या नव्हत्या. संयोजक फ्रेड लेबो यांनी त्यांना बोलावले होते, ते प्रारंभी इतर स्त्री-धावपटूंना वेग ठरवून देण्यासाठी. निम्मे अंतर सहज गेले. पुढे मांड्या भरून आल्या. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या आणि मनातला हिशेब किलोमीटरचा. अजून किती उरले, हेच कळेना. अखेर २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत त्या पोहोचल्या. तो स्त्रियांचा जागतिक उच्चांक होता. मात्र आनंदाआधी संताप उसळला. पायांतले बूट काढून त्यांनी पतीवर फेकले, कारण या शर्यतीचा आग्रह त्यांचाच होता. ‘पुन्हा कधीही नाही’ असे ठरवून परतलेल्या वाइट्झ यांनी पुढे हीच शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली.

परक्या शहरात प्रथमच मॅरेथॉन धावणाऱ्या प्रत्येकाला या प्रसंगात स्वतःचे प्रतिबिंब दिसेल. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर सर्वत्र सारखेच असते. बदलते ते हवामान, अन्न, घड्याळ आणि मोजमाप.

कापड बाजारातील माणसाची शर्यत

लेबो यांचा जन्म रुमानियातला आणि न्यूयॉर्कमधील व्यवसाय तयार कपड्यांचा. १९७० साली त्यांनी सहकाऱ्यांसह सेंट्रल पार्कमध्ये पहिली शर्यत भरवली, तेव्हा प्रवेशशुल्क एक डॉलर होते. १२७ जण धावले आणि त्यांपैकी ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. १९७६ मध्ये ती उद्यानाबाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली. आज तिच्यात ५० हजारांहून अधिक धावपटू असतात. सोडत, धर्मादाय संस्थांसाठी निधिसंकलन, अधिकृत प्रवाससंस्था किंवा पात्रतावेळ अशा मार्गांनी प्रवेश मिळतो.

मार्गावर पाच पूल आहेत. स्टेटन आयलंडवरील व्हेराझानो पुलाच्या चढावरूनच शर्यत सुरू होते. अंगात ताजेपणा असल्याने चढ जाणवत नाही; उतारावर तर पाय आपोआप सुटतात. ब्रुकलिनमधून जाताना दुतर्फा लोकांचा जल्लोष असतो. निम्म्या अंतरावर पुलास्की पूल येतो. नंतरच्या क्वीन्सबरो पुलावर प्रेक्षक नसतात. ऐकू येतो तो केवळ हजारो पावलांचा आवाज. पूल उतरताच मॅनहॅटनच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर गर्दीचा गजर अंगावर कोसळतो आणि नवखा धावपटू वेग वाढवतो. नेमकी चूक होते ती येथे. स्नायू व यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन बहुतेकांना साधारण ३० किलोमीटरपर्यंत पुरते. ब्राँक्सकडे नेणारा विलिस अ‍ॅव्हेन्यू पूल त्याच सुमारास येतो. त्यानंतर मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू पूल, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूचा लांब चढ आणि सेंट्रल पार्कमधील चढउतार बाकी असतात. टाळ्यांच्या भरात ज्याने मुद्दल उधळले, त्याला शेवटचे १० किलोमीटर उसनवारीवर काढावे लागतात.

घड्याळ, थंडी आणि सूर्यास्त

मुंबईचा धावपटू उकाड्याला सरावलेला असतो. न्यूयॉर्कला मात्र सुरुवातीच्या जागी नोव्हेंबरच्या थंडीत काही तास बसून राहावे लागते. अनुभवी धावपटू जुने स्वेटर अंगात घालून जातात आणि निघताना तेथेच ठेवतात. पुढे ते कपडे दानात जातात. वेळेतील फरक साडेदहा तासांचा असल्याने काही दिवस आधी पोहोचणे हिताचे. बिब-क्रमांक ओळखपत्र दाखवून आधीच घ्यावा लागतो, शर्यतीच्या दिवशी तो मिळत नाही. मात्र आदल्या दिवशी प्रदर्शनात आणि बाजारात पायपीट करणे म्हणजे दुसऱ्या दिवसाची शक्ती आज खर्च करणे होय.

आहाराचा विचार घरूनच करून निघावे. शर्यतीतील काही जेलमध्ये मध असतो, चघळण्याच्या काही गोळ्यांत जिलेटिन असते आणि पास्त्याच्या सॉसमध्ये कांदा-लसूण. खजूर, खाकरा, राजगिरा चिक्की सोबत नेता येते. पण धावताना जे खायचे, ते सरावातील लांब धावांत अनेकदा खाऊन पाहिलेले असावे.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि त्याच पहाटे अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात. झोपेला तास अधिक मिळतो, परंतु सूर्य पाचच्या आधीच मावळतो. उशिराच्या तुकडीत निघून सहा तास धावणारा सूर्यास्तानंतरच पोहोचेल. एवढ्या श्रमानंतर रात्रभर पाण्याविना राहणे शरीराला धोक्याचे ठरू शकते. म्हणून नोंदणीपूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. शहराची निवड बदलणे हाही मार्ग आहे. एप्रिलअखेरीस होणाऱ्या लंडन मॅरेथॉनच्या दिवशी सूर्य रात्री आठनंतर मावळतो.

तीन तासांचा फरक

१९९० मध्ये लेबो यांना मेंदूचा कर्करोग झाला. १९९२ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, स्वतः उभ्या केलेल्या शर्यतीत ते धावले. त्यांच्या सोबतीला वाइट्झ होत्या. ज्यांच्या वेगाला गाठणे इतरांना अवघड जाई, त्या दिवसभर एका आजारी माणसाच्या पावलाला पाऊल मिळवून चालल्या-धावल्या. अंतिम रेषेवर दोघांचेही डोळे पाणावले. घड्याळ दाखवत होते ५ तास ३२ मिनिटे ३४ सेकंद. चौदा वर्षांपूर्वी याच शहरात वेग ठरवून देण्यासाठी आलेल्या वाइट्झ यांना त्या पहिल्या शर्यतीपेक्षा तीन तास आणि चार सेकंद अधिक लागले होते. ते तीन तास त्यांनी आपल्या मित्राला दिले होते.