आज्ञेची ओळ आणि खानदेशचीं नांवें

जळगांव किंवा धुळें येथील सुशिक्षित घरांत आज संगणक ही अपरिचित वस्तु राहिलेली नाहीं. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, संस्थेचा पत्रव्यवहार हीं सारीं कामें त्यावर होतात, आणि तीं बहुधा चित्रांच्या द्वारें होतात. पडद्यावर लहान लहान चित्रें मांडलेलीं असतात. माउस सरकवून त्यांपैकीं एकावर टिचकी मारावयाची, कीं यंत्र पुढील काम करूं लागतें. गांवची भाषा न जाणणारा परका मनुष्य बाजारांत बोट दाखवून केळीं विकत घेतो, त्यांतलाच हा प्रकार होय. बोटानें पुष्कळ व्यवहार साधतो. परंतु ‘या ढिगांतील डाग नसलेलीं तेवढीं निवडा, मोजा, आणि लहानमोठीं वेगळीं करून द्या’ हें बोटानें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं भाषाच लागते.

संगणकाला अशी भाषा चित्रांच्या आधींपासून आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. मनुष्यानें एक ओळ टंकित करावी, यंत्रानें ती पाळावी आणि उत्तरहि अक्षरांनींच द्यावें, असा तिचा व्यवहार होता. ज्या खिडकींत हा संवाद चालतो तिला टर्मिनल म्हणतात. आजच्या घरगुती संगणकावर ही खिडकी उघडण्यास वेगळा खर्च लागत नाहीं. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. मॅक संगणकांची प्रणाली २००१ पासून युनिक्सच्याच पायावर उभी आहे. आणि विंडोजमध्यें लिनक्सचीं साधनें चालविण्याची सोय २०१६ सालीं झाली. कित्येक घरांत ही सामग्री असते, पण तिला कोणी हात लावलेला नसतो.

या साधनांची नांवें त्रोटक असतात व तीं रोमन अक्षरांत लिहावीं लागतात. येथें त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रत्येक साधन एकच काम करतें. ‘ग्रेप’ हें शोधक आहे. दिलेलीं अक्षरें ज्या ओळींत आढळतील तेवढ्या ओळी तें पुढें ठेवतें. ‘सॉर्ट’ ओळी क्रमानें लावतें. ‘युनिक’ लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींची एक ओळ करतें. ‘डब्ल्यूसी’ मोजणी करतें. ‘सेड’ एका अक्षराच्या जागीं दुसरें घालतें.

प्रयोगासाठीं जळगांव जिल्ह्यांतील १५ आणि धुळें जिल्ह्यांतील ४ तालुक्यांचीं नांवें, आजच्या लेखनपद्धतीप्रमाणें, एकेका ओळींत एक अशीं लिहून घ्यावीं. जळगाव, भुसावळ, रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर. आणि धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. फाइलीचें नांव ‘तालुके’ असें मराठींत ठेवलें तरी चालतें. आतां ळ हें अक्षर किती नांवांत आहे, असा प्रश्न आला. पुढील ओळ लिहावी:

ग्रेप 'ळ' तालुके | सॉर्ट

क्षणार्धांत सहा नांवें क्रमानें उभीं राहतात: अमळनेर, चाळीसगाव, जळगाव, धुळे, पारोळा, भुसावळ. एकोणीस नांवांसाठीं ही यातायात कोणी करणार नाहीं, हें खरें. परंतु नांवें एकोणीस असोत वा एकोणीस हजार, ओळ तीच राहते. तिची खरी योग्यता येथें आहे.

वरच्या ओळींतील उभी रेघ हा या सर्व रचनेचा प्राण होय. तिला पाइप म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ सालच्या एका टिपणांत अशी इच्छा लिहिली होती कीं, बागेंतील पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे कार्यक्रम एकमेकांस जोडतां यावेत. ती युनिक्समध्यें १९७३ सालीं फळास आली. खानदेशच्या वाचकास नळीपेक्षां पाटाची उपमा जवळची वाटेल. पांझरेच्या कांठीं चालत आलेल्या फड पद्धतींत बंधारा पाणी अडवितो, पाट तें वाहून नेतो, आणि चाऱ्या तें फडांत वांटतात. पाटाला पुढें ऊंस आहे कीं गहूं आहे हें ठाऊक असण्याचें कारण नसतें. आलेलें पाणी पुढें देणें एवढेंच त्याचें काम. त्याचप्रमाणें ग्रेपला आपल्यापुढें सॉर्ट आहे याची वार्ताहि नसते. त्याच्या तोंडून निघालेल्या ओळी रेघेंतून वाहत जातात. दोन्ही साधनें एकाच वेळीं चालतात. मागचें संपेपर्यंत पुढचें थांबत नाहीं. सॉर्टची गोष्ट मात्र निराळी आहे. शेवटची ओळ ‘अ’ची निघण्याचा संभव असल्यामुळें सर्व ओळी हातीं येईपर्यंत त्याला पहिली ओळहि सोडतां येत नाहीं. पाटावर मध्येंच तळें असावें आणि तें पुरतें भरल्यावांचून मोरी उघडूं नये, तसें हें आहे.

या जोडणीची शक्ति १९८६ सालीं एका प्रसंगानें जगापुढें आली. एखाद्या लेखांत कोणता शब्द किती वेळां आला आहे तें मोजून सर्वांत अधिक आलेले शब्द छापावेत, असा प्रश्न एका प्रतिष्ठित नियतकालिकांत घातला गेला होता. डोनाल्ड नूथ या थोर संगणकशास्त्रज्ञानें त्याकरितां मोठ्या कौशल्यानें कित्येक पृष्ठांचा कार्यक्रम लिहिला. त्याचें परीक्षण करतांना मॅकिलरॉय यांनीं तेंच काम लहान साधनांच्या सहा आज्ञा जोडून करून दाखविलें. नूथ यांची कृति उणी होती असें नव्हे. पण रोजच्या कामाला सहा ओळींचा तोडगा पुरतो, हें त्यावरून उमगलें.

ही रीति कोशकाराच्या चिठ्ठ्यांची रीतिच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें निधन झालें, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. अशा ठिकाणीं जुन्या कागदांची सूची करणारास काय करावें लागतें, तें पाहावें. प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाचा, चिठ्ठ्या क्रमानें लावावयाच्या, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून मोजावयाच्या, आणि मोठी संख्या वर ठेवावयाची. यंत्रांतहि तेंच: शब्दांमधील मोकळी जागा मोडून प्रत्येक शब्द नव्या ओळीवर घालणें, सॉर्ट, मोजणीची खूण दिलेलें युनिक, आणि पुन्हां संख्येनुसार उलटें सॉर्ट. युनिकच्या आधीं सॉर्ट विसरल्यास हिशेब चुकतो. कारण युनिक फक्त शेजारचीच ओळ ओळखतें, दूरची सारखी ओळ त्याला दिसत नाहीं. नवशिक्यांची पहिली फसगत बहुधा येथेंच होते.

दुसरी फसगत मराठी भाषेमुळें होते, आणि ती अधिक गंभीर आहे. टंकित केलेल्या जुन्या लेखसंग्रहांत ‘जळगाव’ शोधूं गेल्यास यंत्र ‘एकहि ओळ नाहीं’ असें सुचवील, आणि तरी संग्रहांत जळगांवचा उल्लेख पानोपानीं असेल. १९६२ सालीं मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीं छापलेल्या मजकुरांत ‘जळगांव’ आणि ‘धुळें’ असें लिहिलेलें असतें. वाचकाचा डोळा त्या टिंबावरून सहज पुढें जातो. यंत्र तेथें अडतें. यावर उपाय आहे. ग्रेपला विस्तृत नमुन्याची खूण देऊन 'जळगां?व' असें लिहावें. प्रश्नचिन्हाचा अर्थ असा कीं, त्याच्या आधीचा अनुस्वार असला तरी चालेल, नसला तरी चालेल.

धुळ्याचें प्रकरण याहून अवघड आहे. विभक्ति लागतांच शब्दाचें रूपच बदलतें: धुळे, पण धुळ्याला, धुळ्याहून. ‘धुळे’ शोधल्यास यांतलें एकहि हातीं येत नाहीं. केवळ ‘धुळ’ शोधावें, तर धुळवड येते आणि रस्त्यावरची धुळीची तक्रारहि येते. योग्य नमुना 'धुळे|धुळ्या' हा. अवतरणचिन्हांच्या आंत उभ्या रेघेचा अर्थ ‘अथवा’ असा होतो, पाइप असा होत नाहीं. तसेंच मुक्ताईनगर तालुक्याचें पूर्वीचें नांव एदलाबाद. १९०६ मध्यें खानदेशाचे दोन जिल्हे झाल्यानंतरच्या कागदांत जळगांवकडचा भाग पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम खानदेश म्हणून येतो. हें ग्रेपला कोण सांगणार? ज्याला ठाऊक आहे त्यानेंच तें नमुन्यांत घालावयाचें असतें. ‘यंत्रानें शोधलें, सांपडलें नाहीं, तेव्हां नसावें’ असा निर्णय देणारानें आधीं आपला नमुना दाखवावा, असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येक अर्जदारास असला पाहिजे; कारण एका टिंबासाठीं एखादें गांव, एखाद्या कुटुंबाचें नांव, यादींतून नाहींसें होऊं शकतें.

अक्षरें यंत्राच्या पोटांत कशीं राहतात, हेंहि थोडें जाणून घ्यावें. आजचा मराठी मजकूर युनिकोड या सर्वमान्य क्रमांकपद्धतीनें लिहिला जातो, आणि ते क्रमांक सांठविण्याची यूटीएफ-८ नांवाची रीति १९९२ सालीं रॉब पाइक व केन टॉमसन यांनीं काढली. हे टॉमसन म्हणजे युनिक्सचे जनक तेच, ग्रेपहि त्यांचेंच. ‘धुळे’ हा शब्द मराठी मनुष्य दोन अक्षरांचा मानतो. डब्ल्यूसीला अक्षरचिन्हें मोजावयास सांगितल्यास तें चार म्हणतें, कारण ध, उकार, ळ आणि मात्रा हीं त्याच्या लेखीं वेगळीं; आणि बाइट मोजावयास सांगितल्यास बारा, कारण यूटीएफ-८ मध्यें देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. (ओळीच्या शेवटीं असलेली नव्या ओळीची खूण धरल्यास आणखी एक.) तिन्ही उत्तरें बरोबरच आहेत. जुन्या श्रीलिपि किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत तयार झालेला मजकूर मात्र या हिशेबांत बसत नाहीं. त्यांत पडद्यावर मराठी दिसत असली तरी आंत रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात. अशा फाइलींत ग्रेपनें ळ शोधणें व्यर्थ होय. आधीं तिचें युनिकोडांत रूपांतर करावें.

सेडविषयीं एक गंमत आणि एक इशारा आहे. अहिराणींत ळच्या जागीं बहुधा य येतो. ‘तालुके’ या फाइलीवर सेड चालवून सर्व ळ काढून य घातले, तर पडद्यावर धुये, जयगाव, भुसावय, अमयनेर, पारोया, चायीसगाव हीं नांवें उमटतात, आणि खेड्यांतून आलेल्या आजीबाईंना यंत्र आपल्यासारखें बोलतें याचें कौतुक वाटतें. आतां हाच व्यवहार उलटा करावा आणि य काढून ळ घालावेत. सहा नांवें पूर्ववत् होतात. पण मूळचें यावल बिचारें ‘ळावल’ होऊन बसतें. कोणता य जुना आणि कोणता नवा, याची नोंद कोठेंहि राहिलेली नसते.

म्हणून मूळ फाइलीवर थेट प्रयोग करूं नये. उत्तर पडद्यावर न दाखवितां फाइलींत घालण्यासाठीं ‘>’ ही खूण वापरतात. ‘सॉर्ट तालुके > तालुके’ अशी ओळ एखादा भोळेपणानें लिहितो. त्याची समजूत अशी कीं, यादी लावून त्याच जागीं ठेवली जाईल. प्रत्यक्षांत यंत्र प्रथम लिहिण्याची फाइल रिकामी करतें आणि मग सॉर्टला वाचावयास सांगतें. वाचावयास तेथें कांहींच उरलेलें नसतें. चित्रांच्या राज्यांत ‘खरोखर पुसावें काय?’ असा प्रश्न विचारण्याची चाल आहे. येथें तशी विनवणी बहुधा होत नाहीं. निकालासाठीं नेहमीं नवें नांव द्यावें, उदाहरणार्थ ‘तालुके-क्रमवार’, आणि मूळाची प्रत वेगळी ठेवावी.

राहिला क्रमाचा प्रश्न. युनिकोडच्या कोष्टकांत ळ हा लच्या लगेच पुढें, वच्या आधीं बसविला आहे. मराठी वर्णमालेंत मात्र तो हच्या नंतर येतो. सॉर्टला कोणत्या भाषेचा क्रम पाळावयाचा हें प्रणालींतील ‘लोकेल’ या व्यवस्थेनें कळवितां येतें. ती व्यवस्था आपल्या यंत्रावर ठीक बसली आहे कीं नाहीं, हें पाहण्यास तीन शब्द पुरतात: काळ, कावळा, काहूर. ते सॉर्टपुढें ठेवावेत. काळ पहिला आला तर यंत्र अजून केवळ क्रमांकच पाहत आहे; कावळा, काहूर आणि मग काळ अशी ओळ लागली, तर सूची छापखान्याकडे पाठविण्यास हरकत नाहीं.