फेर हाकणारा माणूस

कर्जतहून मुरबाडकडे किंवा चौकहून कर्जतकडे निघालात, तर वाटेतल्या फार्महाऊसांच्या भिंतींवर एक चित्र हमखास दिसतं. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांची माणसं एकमेकांना धरून वळसे घेत चालली आहेत आणि मध्ये एकटा इसम वाकून भलंमोठं वाद्य फुंकतो आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही वारली चित्रं जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि नंतर रिसॉर्टवाल्यांनी भिंती रंगवायला घेतल्या. भिंत रंगवून घेणाऱ्याला विचारा, मधला माणूस कोण? ‘वाजवणारा’, एवढंच उत्तर येईल.

तो नुसता वाजवणारा नाही. नाच हाकणारा तोच. अशा एका माणसाला २०२६ची पद्मश्री जाहीर झाली : पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले, वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा. वय नव्वदीच्या घरात. पोरवयात हातात आलेला तारपा अजून सुटलेला नाही.

हे वाद्य दुकानात मिळत नाही, रानातून जमवावं लागतं. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, आवाज उठवणाऱ्या बांबूच्याच पातळ जिभा, पुढच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा आणि सगळे सांधे बुजवायला मधमाशीचं मेण. भोपळा नीट वाळला नाही तर तडकतो. मेण कमी पडलं तर हवा निसटते आणि सूर फाटतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला थोडंफार सुतारकाम आलंच पाहिजे.

खरी कसोटी श्वासाची असते. नाच चालू असताना सूर तुटून चालत नाही, कारण सूर तुटला की पाय अडखळतात. वादक गालांत हवा साठवतो आणि तिच्या जोरावर नळ्या बोलत्या ठेवतो, तेवढ्यात नाकाने नवा श्वास ओढून घेतो. मिनिटभर करून बघा, घेरी येईल. हे रात्रभर करायचं, तेही चालता चालता, वाकून, नाचणाऱ्यांवर नजर ठेवून.

आता नाच कसा हाकला जातो ते पाहू. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. साखळीच्या तोंडाला एक म्होरक्या असतो, घुंगरू लावलेली काठी जमिनीवर आपटत चालणारा. पण म्होरक्याचाही कान तारप्याकडे. सूर बदलला की फेर उलटा वळतो, चाल बदलली की पावलं बदलतात. गुंडाळत आत गेलेली साखळी पुन्हा उलगडत बाहेर येते. वादकाचं तोंड वाद्यात अडकलेलं, म्हणजे सांगायचं ते सगळं सुरातूनच. एक नियम मात्र सगळ्यांना लागू : तारप्याला पाठ दाखवायची नाही.

अमेरिकेतल्या स्क्वेअर डान्समध्ये हेच काम तोंडाने होतं. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि कॉलर नावाचा माणूस पुढची हालचाल त्या त्या क्षणी पुकारतो. पुढे काय येणार हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं. कॉलरने शब्द अर्धा ठोका उशिरा टाकला तर चौकोन विस्कटतो. १९७४ पासून या मंडळींची ‘कॉलरलॅब’ ही संघटना आहे आणि आयुष्यभराच्या कामासाठी ती ‘माइलस्टोन’ सन्मान देते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो लॉइड शॉ. कोलोरॅडोतल्या एका शाळेचा हा प्रमुख. विस्मरणात चाललेले जुने नाच त्याने जमवले, १९३९ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं आणि आपल्या शाळेतली मुलं घेऊन गावोगाव नाचवली. उन्हाळ्यात तो शिकवू इच्छिणाऱ्यांचे वर्ग घेई. पुढचे कितीतरी कॉलर त्या वर्गांतून निघाले.

कर्जत-खालापुरात परत येऊ. तारप्याचं घर जव्हार-डहाणूकडे. इथल्या ठाकरवाड्यांतला फेर ढोलकीच्या थापेवर चालतो. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत सविस्तर पुस्तक लिहिलं, त्याला १९६० साल उजाडलं. पण ढोलकीवाल्याचं नाव वाडीबाहेर जात नाही. गौरी-गणपतीत, शिमग्याला त्याला बोलावणं येतं, एरवी तो भातलावणीला नाहीतर वीटभट्टीला.

शिवाय फेराला जागा लागते. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांना खाली चौकजवळ पक्की घरं मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. पुनर्वसनाच्या नकाशात रस्ता, पाणी, वीज यांच्या चौकटी असतात. रात्री फेर धरायला मोकळं अंगण ही मागणी कुठल्या अर्जात लिहायची?

मग उरतं स्टेज. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला किंवा कुठल्या महोत्सवाला पथक बोलावलं जातं, पाच मिनिटं मिळतात. तिथे आयोजकांचा नियम : प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. दोन्ही नियम एकदम कसे पाळायचे? मग फेर अर्धा कापतात, साखळीची अर्धगोल ओळ होते आणि मधला माणूस कडेला माइकपाशी उभा राहतो. सूर ऐकू येतो, पण तो ऐकून वळणारं कुणी नसतं, कारण पावलं आधीच बसवून आणलेली असतात. टाळ्या भरपूर पडतात. हाकणाऱ्याचं काम तेवढं संपलेलं असतं.

म्हणून धिंडांच्या पद्मश्रीचा आनंद मानतानाच मला कर्जतच्या आश्रमशाळा आठवतात. पाथरज, चाफेवाडी, भालिवडी. स्नेहसंमेलनात तिथली पोरं मोबाइलवरच्या गाण्यावर नाचतात, त्यात वावगं काही नाही. पण त्यांच्यातल्या कुणाचा तरी आजा ढोलकीवर फेर हाकणारा असेल. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. त्याने आठवड्यातून एका संध्याकाळी अशा म्हाताऱ्याला शाळेच्या पटांगणात बोलवावं, शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावू नये, शिक्षकासारखं तासाचं मानधन द्यावं. पोरांनी गोल धरावा, पावलं आधी बसवू नयेत. पहिले काही आठवडे गोंधळच होईल. म्हातारा वैतागेल, पोरं एकमेकांवर आदळतील. शॉच्या वर्गातही पहिल्या दिवशी याहून वेगळं काही घडत नसणार.