भुताची उलटतपासणी

२०२३ चा सप्टेंबर मला अजून बोचतो. त्या एका महिन्यात दोन चित्रपट आले. पहिला केनेथ ब्रॅनाचा 'अ हॉन्टिंग इन व्हेनिस'. अगाथा ख्रिस्तीची 'हॅलोवीन पार्टी' ही १९६९ ची कादंबरी इंग्लंडातल्या खेड्यात घडते. ब्रॅनाने ती १९४७ च्या व्हेनिसमध्ये नेली, पाण्याकाठच्या पडक्या वाड्यात मृतात्म्याला बोलवायची बैठक भरवली, बाहेर वादळ उठवलं आणि खुद्द हर्क्युल प्वारोला मेलेली मुलगी दिसायला लावली. दुसरा 'चंद्रमुखी २'. २००५ मध्ये पी. वासूंच्याच 'चंद्रमुखी'त रजनीकांत मानसोपचारतज्ज्ञ होता. वाड्यात वावरते ती चंद्रमुखी म्हणजे भूत नव्हे, एका तरुणीचं आजारी मन आहे, असं तो ठामपणे सांगत होता. अठरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने खरीखुरी चंद्रमुखी आणून उभी केली. व्हेनिसच्या वाड्यातल्या भासांमागे शेवटी विषारी मध निघाला. आमच्या कोडंबाक्कमच्या वाड्यात काहीच निघालं नाही. भूत होतं, एवढंच.

आमच्या म्हणते, कारण मद्रासच्या तमिळ स्टुडिओंचं कोडंबाक्कम हे मांबलमच्या पुढचंच स्टेशन. वडील दक्षिण रेल्वेत होते. १९५८ मध्ये आम्ही पुण्याहून वेस्ट मांबलमला आलो आणि अयोध्या मंडपाजवळच्या एका गल्लीत राहिलो. दारोदार कोलमची रांगोळी, संध्याकाळी मंडपातली कथा आणि साऱ्या शहरात बदनाम झालेले मांबलमचे डास, यांत माझं बालपण गेलं. एव्हीएम, प्रसाद, वाहिनी ही स्टुडिओंची नावं आमच्या घरी नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. अलीकडे अशोक नगरचं 'उदयम' थिएटर बंद झालं, २०२५ च्या एप्रिलमध्ये 'गुमनाम'चा नायक मनोजकुमार गेला, आणि त्याच वर्षी 'गुमनाम'ला साठ वर्षं झाली. हेरकथेतून भयपट करण्याची एक रीत आपल्याकडे होती. ती कशी आली आणि कशी गेली, हे आता मांडलंच पाहिजे.

सुरुवातीची वर्षं मी भराभर ओलांडते. एडगर ॲलन पोने १८४१ मध्ये पहिली हेरकथा लिहिली आणि भयकथाही त्याच लेखणीतून उतरल्या, तेव्हा या दोन प्रकारांचं नातं जन्मापासूनचं आहे. मग १९०१-०२ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉइलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' क्रमशः आली. तिच्यावरचे पहिले बोलपट, अगदी १९३९ चा बॅसिल रॅथबोनचाही, मला होम्सच्या रुबाबापलीकडे फार काही देत नाहीत. १९५९ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने मात्र ती रंगीत केली. टेरेन्स फिशर दिग्दर्शक, पीटर कुशिंग होम्स, ख्रिस्तोफर ली सर हेन्री. एक वर्ष आधी याच मंडळींनी ड्रॅक्युला केला होता आणि त्याच हाताने त्यांनी होम्स रंगवला.

चित्रपटवाले पुन्हा पुन्हा याच कादंबरीकडे का वळतात, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. मधली कितीतरी प्रकरणं होम्स तिथे नसतोच. वॉटसन एकटा त्या ओसाड माळावर, रात्री रडण्याचा आवाज ऐकत, पत्रं लिहीत बसतो. हेर गैरहजर असला की हेरकथेत भुताला जागा मिळते. डॉइलने भयपट पुस्तकातच दडवून ठेवला होता. ख्रिस्तीच्या १९३९ च्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये तर तपास लावणारा कुणी नाहीच. बेटावर दहा माणसं, एकेक मरतं. आपल्याकडच्या निर्मात्यांनी याच दोन कादंबऱ्या उचलल्या, याला मी त्यांची अचूक नजर मानते.

आता माझं दशक. १९६२ ते १९७०.

'बीस साल बाद' पाहिला तेव्हा मी बारा वर्षांची होते. शेजारच्या मामी बरोबर होत्या. त्यांना हिंदीचा गंध नव्हता, पण चेंगलपट्टूची वहिदा आहे म्हटल्यावर त्या निघाल्या. हा डॉइलच्या 'हाउंड'चाच हिंदी अवतार. त्याच कथेवर बंगालीत अजय करांनी १९५१ मध्ये 'जिघांसा' केला होता. त्याचं संगीत हेमंतकुमारांचं, आणि अकरा वर्षांनी हिंदीत निर्मातेही तेच. दिग्दर्शनासाठी त्यांनी बीरेन नागला घेतलं. नाग मूळचा कलादिग्दर्शक, गुरुदत्तच्या चित्रपटांचे देखावे उभे करणारा. म्हणून तिथली हवेली, दलदल आणि धुकं पात्रांइतकंच बोलतं. लताबाईंना आणि शकील बदायुनींना ज्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, ते याच धुक्यातून येतं.

त्या दिवशी मी फक्त घाबरले. मोठेपणी डॉइलची कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा या चित्रपटाने काय केलंय ते मला उमगलं. कादंबरीच्या आरंभी एक दंतकथा आहे. ह्यूगो बास्करव्हिल नावाचा दांडगा जमीनदार एका शेतकऱ्याच्या मुलीला पळवून आणतो, ती निसटून माळावर धावते, भीतीने आणि थकव्याने मरून पडते, आणि ह्यूगोला तो राक्षसी कुत्रा फाडतो. डॉइल तिला दोन पानांत संपवतो. तिचं नावही तो देत नाही. पुढचं सगळं पुस्तक कुत्र्याचं आणि वारसाहक्काचं आहे; खून होतात ते इस्टेटीसाठी. 'बीस साल बाद'ने कुत्रा काढून टाकला आणि त्या मुलीला परत आणलं. ठाकुराने नासवलेली, जीव दिलेली गावातली पोर, तिच्या आत्म्याची भीती आणि खुनांमागे तिच्यावर झालेला अन्याय. भूत खोटं निघतं, पण भुताची तक्रार खरी ठरते. आपल्याकडे हडळ कशी होते, बाळंतपणात किंवा छळाने मेलेल्या बाईची भीती गावाला का वाटते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हा बदल सुचू शकतो. आमच्या घरी येणाऱ्या मासिकांतली परीक्षणं अशा चित्रपटांना 'इंग्रजीची नक्कल' म्हणून दोन ओळींत निकालात काढत. त्या परीक्षकांनी मूळ पुस्तक वाचलंच नव्हतं, असं मी आज ठामपणे म्हणते.

एक गोष्ट मात्र मी त्या चित्रपटालाही माफ करत नाही. त्यांनी हेराला विदूषक केलं. असित सेनचा गोपीचंद जासूस लोकांना हसवतो आणि बुद्धीचं काम नायकाच्या वाट्याला येतं, ज्याला गाणीही म्हणायची असतात. होम्सची जागा आपल्या पडद्यावर तेव्हा जी रिकामी झाली ती कितीतरी वर्षं नीट भरली नाही. आणि श्रेय? 'अँड देन देअर वेअर नन'वरून 'गुमनाम' करणाऱ्यांनी ख्रिस्तीचं नाव घेतलं नाही. इतकं स्वतःचं काम केल्यावर मूळ लेखिकेचं नाव लिहायला हात आखडावा, याचं मला तेव्हापेक्षा आज जास्त वाईट वाटतं.

पण त्या दशकातलं माझं सर्वांत लाडकं चित्र मराठी आहे. राजा परांजप्यांचा १९६४ चा 'पाठलाग', जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. पुढच्या मे महिन्यात पुण्याला मामाकडे गेले तेव्हा मी तो पाहिला. वकिलाची बायको त्याच्या हातात प्राण सोडते. काही दिवसांनी तोच चेहरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, मी तुमचीच बायको. काशीनाथ घाणेकर आणि भावना. इथे वाडा नाही, दलदल नाही. कोर्टाच्या भरदिवसाच्या उजेडात मेलेली बाई परत आली आहे, आणि नवरा मांत्रिकाकडे जात नाही. तो काळा कोट घालून तिची उलटतपासणी घेतो. घरातली, फक्त दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट तो विचारतो, ती उत्तर देते, आणि थिएटरात माणसं श्वास रोखून धरतात. शंभर धुक्यांनी येणार नाही असा काटा त्या प्रश्नोत्तरांनी अंगावर येतो.

१९६५ मध्येच 'पाठलाग' तमिळ होऊन कोडंबाक्कमला पोचला. एल. व्ही. प्रसादांनी 'इदय कमलम' काढला, रविचंद्रन आणि के. आर. विजया, संगीत के. व्ही. महादेवन. मामींनी मला ओढत नेलं. मला शेवट ठाऊक होता आणि मी तो दाबून बसले होते. मध्यंतरात मामी म्हणाल्या, "ही पेय आहे, बाई नाहीच." पेय म्हणजे भूत. दुसऱ्या भागात त्यांचा विश्वास एकेका प्रश्नाने ढासळताना मी पाहिला, आणि सुटल्यावर दुरैसामी सबवेपर्यंत त्या मला समजावून सांगत होत्या की कोणत्या उत्तरात आपल्याला आधीच कळायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी राज खोसलांनी त्याचा 'मेरा साया' केला आणि जगाला तोच माहीत झाला. मूळ मराठी आहे हे आज मराठी माणसालाही सांगावं लागतं, याचा मला राग आहे.

'गुमनाम' १९६५ चा. दिग्दर्शक राजा नवाथे, आपलाच माणूस, 'आह' करणारा. नायिका मास्टर विनायकांची नंदा, सोबत धुमाळ. ख्रिस्तीच्या बेटावर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि अनोळखी आवाज प्रत्येकाचा गुन्हा वाचून दाखवतो. नवाथ्यांच्या त्या समुद्रकाठच्या बंगल्यात एक बाई गाते, दिसत नाही. शंकर-जयकिशनच्या चालीत हेन्री मॅन्सिनीच्या 'शॅरेड'ची छाया आहे हे खरं, पण आरोपाच्या जागी गाणं ठेवायची कल्पना इथली. रंग भडक आहेत, मेहमूद मधेमधे रस मोडतो, आणि तरीही खुनी कोण हे शेवटी कळतं, का केलं हेही कळतं.

त्याच कादंबरीवर मद्रासमध्ये एस. बालचंदर यांनी 'नडु इरविल' केला, तो १९७० मध्ये आला. बालचंदर म्हणजे वीणावादनातले दिग्गज. त्यांनीच १९५४ मध्ये एव्हीएमसाठी एकही गाणं नसलेला 'अंद नाळ' काढला होता. शिवाजी गणेशन ऐन भरात असताना हे करायला छाती लागते. 'नडु इरविल'मध्ये त्यांनी ख्रिस्तीच्या अनोळखी पाहुण्यांच्या जागी नातेवाईक बसवले. श्रीमंत माणूस मरणार आहे असं कळतं, आप्त गोळा होतात, घरात वेड लागलेली बायको आहे, आणि रात्री माणसं मरू लागतात. पंडरीबाईंची ती बायको आठवली की आजही माझा हात दिव्याच्या बटणाकडे जातो. एकत्र कुटुंबच भयाचं घर होऊ शकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. हिंदीवाल्यांना हे सुचलं नाही.

सत्तर ते दोन हजारपर्यंतच्या काळावर मी थांबत नाही. १९७६ चा वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' तेवढा आठवणीत आहे, पुन्हा घाणेकरच. बाकी रामसे बंधूंचे मुखवटे, मांत्रिक आणि त्रिशूळ. १९९३ मध्ये मल्याळम 'मणिचित्रताळू'ने जुनी रीत पुन्हा उजळली आणि 'चंद्रमुखी', 'भूल भुलैया' ही त्याच झाडाची फळं.

मग उतार लागला. २०१२ चा तमिळ 'पिझ्झा' कारागिरीत उत्तम होता. भुताची गोष्ट बनावट होती हे त्याने उघड केलं, आणि शेवटच्या मिनिटांत खरं भूत दारात आणलं. ती कलाटणी सगळ्यांना आवडली आणि मग तिचंच पीक आलं. 'अरण्मनै' या तमिळ चित्रपटांच्या मालिकेत भूत गृहीतच धरलेलं असतं. 'भूल भुलैया'त मनोविकाराचा डॉक्टर होता. २०२२ च्या दुसऱ्या भागात त्याच नावाखाली खरी चेटकीण आली. उलगडा म्हणजे प्रेक्षकाचा अपमान, असं आता तरुण दिग्दर्शक मुलाखतींतून सुचवतात. मला हे मुळीच पटत नाही. भूत खरं आहे म्हणून सोडून दिलं की ठाकूर सुटतो, पैशासाठी औषधात विष घालणारा भाऊ सुटतो, बायकोला वेडी ठरवणारा नवरा सुटतो. १९६२ चा लेखक प्रेक्षकाला अडीच तास घाबरवत होता आणि मग गुन्हेगाराचं नाव सांगायची जबाबदारी घेत होता. हिंदीत ही जबाबदारी ज्या एका माणसाने सर्वांत जास्त वेळा उचलली तो पटकथाकार ध्रुव चटर्जी. 'बीस साल बाद', 'कोहरा', 'वो कौन थी', 'गुमनाम', चारही त्याच्या लेखणीतले. त्याचं नाव आज कुणी घेत नाही.

मराठीकडे तर सामान घरात पडून आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा ढीग आहे, झुंजार आहे, काळापहाड आहे, धनंजय आणि छोटू आहेत. भयाचं वातावरण कसं उभं करायचं ते नारायण धारपांनी शिकवून ठेवलंय. या दोन कपाटांची दारं एकदम उघडणारा एक चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. कोकणातल्या पावसात बंद पडलेला एखादा वाडा घ्या, आजीच्या तोंडची हडळ घ्या, धनंजयला चित्रपटाचा मधला भाग तालुक्याच्या गावी अडकवून ठेवा आणि छोटूला एकट्याला त्या माजघरात झोपवा. हडळ हवी तेवढी दाखवा. फक्त शेवटच्या वीस मिनिटांत धनंजय परत येऊ द्या, सगळ्यांना ओसरीवर बसवू द्या, आणि त्या हडळीचं माहेरचं नाव काय होतं हे त्याला विचारू द्या.