आधी वजन उचलावं की आधी धावावं?

बेंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये ऑफिसआधी जिमसाठी जेमतेम तासभर मिळतो. मग सुरुवात कशाने करावी? ते तुमच्या ध्येयावर ठरवा.

ताकद वाढवायची असेल, तर ५-१० मिनिटं वॉर्मअप करून आधी वजन उचला. ट्रेडमिलवर दमलेल्या पायांनी स्क्वॉट्स नीट होत नाहीत, तोल जाऊन दुखापत होऊ शकते. आजी-आजोबांनी तर हे आवर्जून पाळावं.

शहरातल्या १० किलोमीटर शर्यतीची तयारी करताय? मग आधी धावा.

फक्त तंदुरुस्त राहायचं असेल, तर क्रमाची फार चिंता नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटं वेगाने चालण्यासारखा व्यायाम आणि २ दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. दोन्हींपैकी एकही सुटू देऊ नका.