नववीतल्या मुलांना काम दाखवायला नेताना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी विचारणा सुरू होते, ‘आता पुढे काय?’ तोवर फॉर्म भरायचे दिवस आलेले असतात. म्हणून आसनगाव-शहापूरकडच्या मुलांना कामाची ओळख आपण नववीतच करून द्यावी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो मुलांनी हातांनी काम करत शिकावं म्हणूनच.

आधी मुलांकडून यादी करून घ्या: आठवडाभरात कोण कोण काम करताना दिसलं? स्टेशनवरचे कर्मचारी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, भातसा धरणावरचे लोक, विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन. मुली बहुधा सिस्टर आणि बाई एवढ्यावरच थांबतात. तिथे आपण थोडं रेटावं.

मग यादीतल्या एकाची वेळ घ्या. सगळा वर्ग एकदम नेऊ नका, मागच्यांना काहीच दिसत नाही. पाच-सहा मुलं पुरेत. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलांनी फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

बघण्यासारखं खूप असतं. लाइनमन रबरी हातमोजे घालण्याआधी त्यांचं तोंड गुंडाळत आत हवा कोंडतो आणि कानाशी धरून दाबतो. भोक असेल तर हवा सुटते. भोकातून हवा सुटते तसा वीजप्रवाहही हातापर्यंत पोचू शकतो, हे मुलांना तिथेच उमगतं.

परत आल्यावर त्या कामापर्यंतची वाट उलटी काढा. ‘तुम्ही इथवर कसे आलात?’ हा प्रश्न मुलांनी विचारलेला असलाच पाहिजे. इलेक्ट्रिशियन व्हायचं तर दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकणं. पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, असं समजून कितीतरी हुशार मुलं तिकडे फिरकतच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

शेवटी प्रवेशाला लागणारे कागद. जातीचा किंवा जमातीचा दाखला आणि त्याची वैधता, म्हणजे समितीने दाखला तपासून खरा ठरवणं, याला महिने लागू शकतात. शाळेच्या रजिस्टरात नाव एक आणि आधारवर दुसरं असेल, तर काम तिथेच अडतं. शाळा सोडल्यावर रजिस्टरातलं नाव बदलणं फार अवघड जातं. तेव्हा नववीतच दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा, वडिलांच्या नावासकट.