धुरांडी गुणी, मग हवा खराब कशी?

बालमित्रांनो, समजा बाईंनी वर्गात सांगितलं, "बोला, पण हळू." चाळीसही मुलं अगदी हळूच बोलतात. तरी गलका होतोच ना? मग रागवायचं कोणाला? (आम्हा शिक्षकांना हा प्रश्न रोज पडतो!) पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरच्या हवेचं कोडं असंच आहे.

तारापूर म्हटलं की १९६९ मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं. पण ही गोष्ट त्याची नाही, बोईसरजवळच्या औद्योगिक वसाहतीची आहे. तिथे रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे शेकडो कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. धुरांड्यातून काय आणि किती सोडायचं, याची मर्यादा प्रत्येकाला घालून दिलेली असते. आता समजा, सगळ्यांनी ती पाळली. तरी सगळ्यांचा धूर जातो एकाच हवेत! त्यात ट्रकांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ. म्हणूनच धुरांड्याचं माप वेगळं आणि आपण श्वासात घेतो त्या हवेचं माप वेगळं.

हवेचं आपल्या देशातलं माप २००९ साली ठरलं. त्यात बारा घटक आहेत. एकच पाहू. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. एक घनमीटर हवेत ते चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नकोत. म्हणजे किती? एक मीटर लांब, रुंद नि उंच असा खोका घ्या. बारीक मिठाचा एकच कण कुटून त्यात उधळा. संपली मर्यादा! जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून म्हणते, १५ पुरे. म्हणजे त्या कणाचा पाव भाग.

भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? दिवसा खारे वारे धूर बोईसरकडे ढकलतात, रात्री मतलई वारे तो किनाऱ्याकडच्या गावांकडे नेतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते, वरची उबदार. मग धूर वर न जाता झाकणाखाली कोंडल्यासारखा तिथेच राहतो. वाऱ्याला गावाची वेस थोडीच कळते?

म्हणून सगळ्या परिसराचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवा, पाणी, जमीन मिळून औद्योगिक भागांना शंभरपैकी गुण दिले. इथे जास्त गुण म्हणजे जास्त वाईट बरं का! सत्तरच्या वर धोक्याची घंटा. तारापूरला ७२.०१ मिळाले. २०१० मध्ये अशा भागांतल्या नव्या प्रकल्पांची परवानगी थांबवून सुधारणेचे आराखडे मागवले गेले. आणि २०१८ चे गुण? ९३.६९, देशात पहिला नंबर! त्यात सांडपाण्याचाही मोठा वाटा होता. पण नुसत्या आराखड्याने हवा सुधारत नाही, एवढं यावरून दिसतंच.

आराखड्यात असतं तरी काय? कोळशाऐवजी नळाने येणारा गॅस, अनेक कारखान्यांना मिळून वाफेचा एकच बॉयलर, धुरांड्यात चोवीस तास मोजणारं यंत्र, धूळ न उडणारे रस्ते. पण मला महत्त्वाचा वाटतो तो एक प्रश्न. नवा कारखाना म्हणतो, "माझा धूर मर्यादेत आहे." त्याला विचारायचं, "ते ठीक, पण इथल्या हवेत आता जागा उरली आहे का?"

बोईसरच्या मुलांनो, आठवडाभर सकाळी सातला आणि दुपारी तीनला दुरूनच एक धुरांडं पाहा. धूर कोणत्या दिशेला झुकतो ते वहीत लिहा, आणि त्या दिशेला कोणाकोणाची घरं आहेत तेही.