मोठ्या वाद्यवृंदाकडून लहान बैठकीकडे

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत गुरुजनांचे स्मरण असावे, शिक्षणाविषयी चार विचार असावेत, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. तीत एका लोकप्रिय गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेची चर्चा पाहून काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न रामाकोन्याच्या शाळेला परका नाही. दूर जाऊन नाव मिळविलेला मनुष्य आपल्या मुळांकडे परत येऊ शकतो काय, आणि आला तर तेथे त्याला काय करावे लागते? संगीताच्या क्षेत्रात हा प्रश्न विशेष स्वच्छपणे तपासता येतो, कारण तेथे उत्तर कानांनी ऐकता येते.

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेले संगीत. त्याचा एक महत्त्वाचा आविष्कार लहान मेळात, म्हणजे तीन ते सहा वादकांच्या संगतीत, होतो. आरंभी सर्वजण मिळून एक चाल मांडतात. मग स्वरसंवादांची ठरलेली चौकट फिरत राहते आणि तिच्यावर एकेक वादक पाळीपाळीने, त्या क्षणी सुचेल तसा, विस्तार करतो. इतरांचे काम तेव्हा ऐकण्याचे आणि सावरून धरण्याचे असते. आपल्या बैठकीतील आवर्तन, बढत आणि सम यांच्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण आपला आधार राग व ताल हा आहे, त्यांचा स्वरसंवादांची मालिका हा आहे. साम्य आहे ते परस्परांना ऐकण्याच्या शिस्तीत.

नॅट किंग कोल (१९१९–१९६५) हा मुळात अशा लहान मेळाचा पियानोवादक. १९३७ साली लॉस एंजेलिस येथे त्याने पियानो, गिटार आणि बास या तीनच वाद्यांचा मेळ उभा केला. ढोल-झांजा नसल्यामुळे लय सांभाळण्याचा भार तिघांनीच वाहायचा होता. पुढे त्याचा कंठ घरोघरी पोहोचला, पाठीमागे व्हायोलिनांचे ताफे आले, आणि त्याच्यातला पियानोवादक हळूहळू झाकला गेला. १९५६ साली मात्र तो पुन्हा पियानोवर बसला. मोजक्या साथीदारांसह, एकेका बैठकीस एकेक पाहुणा वादक बोलावून, त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्याने आपली काही जुनी गाणीही पुन्हा गायिली. नाव सर्वतोमुखी झालेले असताना त्याने आपल्या मूळ विद्येची परीक्षा स्वतःच पुन्हा दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या संगीताचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मुंबईत जडला. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा मेळ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचावयास शिकलेले गोमंतकीय वादक या संगीतात लवकरच निष्णात झाले, आणि हॉटेलांतून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे अँटोनियो झेवियर वाझ यांनी आपल्या सी. रामचंद्रांना ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात साथ दिली, सेबॅस्टियन डिसूझा यांनी मोठ्या वाद्यवृंदांसाठी स्वररचना लिहून काढल्या. संगीतकाराने चाल द्यावी, संयोजकाने ती डझनावारी वाद्यांत वाटून द्यावी, आणि गायिकेने तयार आसनावर येऊन बसावे, अशी ही व्यवस्था होती. ओ. पी. नय्यर आणि राहुलदेव बर्मन यांच्याकडे आशा भोसले यांनी गायिलेली कित्येक गाणी या व्यवस्थेची उत्तम फळे आहेत. त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. नेमक्या क्षणी नेमका भाव नेमक्या मात्रेवर ठेवणे हीही विद्याच आहे.

पण आशाबाईंचे मूळ दुसरीकडे होते. ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे जन्मलेल्या या मुलीचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बळवंत संगीत मंडळीचे नामांकित गायक-नट. त्यांच्या नाट्यपदाला ऑर्गन आणि तबला एवढी साथ पुरे होई. बाकी सर्व कंठाने आणि बुद्धीने उभे करावे लागे. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा आशाबाईंना नववे वर्ष चालू होते, आणि १९४३ सालच्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटापासून त्यांचे पार्श्वगायन सुरू झाले. घरातली विद्या कानांत होती, पण पोटामागे धावणाऱ्या कुटुंबाला तिची सावकाश उपासना परवडणारी नव्हती.

अर्धशतक लोटले. हजारो गाणी गाऊन झाल्यावर, वयाची साठी उलटल्यानंतर, आशाबाईंनी सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडून गंडा बांधून घेतला. या दोघांची सांगीतिक गाठ पूर्वी ‘आंधियाँ’ (१९५२) या चित्रपटात पडली होती. तेथे खाँसाहेब संगीतकार होते आणि आशाबाई पार्श्वगायिका. आता नाते गुरुशिष्येचे झाले. खाँसाहेबांना वडिलांकडून, म्हणजे बाबा अलाउद्दीन खाँ यांच्याकडून, मिळालेल्या जुन्या बंदिशींपैकी अकरा रचना आशाबाईंनी शिकून घेतल्या आणि कॅलिफोर्नियात त्या मुद्रित झाल्या. स्वपन चौधुरी यांचा तबला साथीला होता. १९९६ साली ‘लेगसी’, म्हणजे वारसा, या नावाने ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि ग्रॅमी पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

बाबा अलाउद्दीन खाँ राहत होते ते मैहरला, आपल्याच मध्य प्रदेशात. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी मैहरही जिल्हा झाले. मैहरच्या एका घरात तोंडी शिकविली गेलेली विद्या पुत्राबरोबर कॅलिफोर्नियाला गेली, तेथे १९६७ पासून त्याच्या विद्यालयात शिकविली गेली, आणि मुंबईच्या गायिकेला ती घ्यावयास सातासमुद्रापार जावे लागले. मुळे नेहमी जन्मगावीच सापडतात असे नाही. जो कोणी ती जपतो त्याच्या दारी जावे लागते.

आता या लहान बैठकीत गायिकेचे काम कसे पालटते ते पाहू. चित्रपटगीतात दोन कडव्यांमधली जागा वाद्यवृंद भरून काढतो. गायिकेला तेवढी उसंत मिळते. बंदिशीत ती जागा मोकळी असते आणि तिची जबाबदारी गायिकेवर येते. सरोदाला पडदे नसतात. त्यावरील मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाते. अशा वाद्याशेजारी गाताना कंठ किंचित चुकला तरी तो झाकण्यास कोणी नसते. श्वास कोठे घेतला, शब्द कोठे तोडला, समेकडे कशी पावले टाकली, हे सर्व मुद्रिकेवर उघडे पडते. ज्या कंठाची ओळख नखऱ्यासाठी आणि चापल्यासाठी झाली, त्याला येथे संथपणे उभे राहावे लागते.

यावरून लहान ते खरे आणि मोठे ते खोटे, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. २००५ साली आशाबाईंनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवादक चौकडीसह राहुलदेव बर्मन यांचीच गाणी नव्याने मुद्रित केली. तेथे वादक थोडे होते, पण मुद्रणाचे थरावर थर चढवून नाद विस्तृत केलेला होता. तेव्हा माणसांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की गाणाऱ्याला स्वतः किती उचलावे लागते, आणि शेजारच्याचे किती ऐकावे लागते.

हे आपल्या परिसरास समजावयास अवघड नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–१९६८) भजन खंजेरीच्या आधारावर उभे राहत असे, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. गावच्या भजनी मंडळात पेटी, तबला आणि टाळ यांपलीकडे काय असते? तेथे एकाने ओढ घेतली तर दुसऱ्याला लगेच कळते.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, सौंसर-पांढुर्णा इकडे राहिले. तेव्हापासून आमच्या मुलांची मराठी ही घरातली, ओट्यावरची, भजनातली, अशा लहान बैठकीची भाषा राहिली. व्यवहाराचा मोठा वाद्यवृंद हिंदीचा. त्यात वाईट काही नाही. त्या वाद्यवृंदात आमच्या मुलांनी अवश्य नाव मिळवावे. परंतु पुढे कधी साठीत परतावेसे वाटले, तर परतण्याजोगे काही शिल्लक असले पाहिजे. आशाबाईंना ते मिळाले, कारण मैहरच्या एका पित्याने आपल्या मुलाकडून ते घोटून घेतले होते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, त्यांच्या पिढीने वर्गात कविता पाठ करवून घेतल्या त्या याच हिशेबाने. शाळेने एक पेटी व एक तबला घ्यावा, आठवड्यातून एक तास मुलांना एकमेकांचे ऐकत गावयास बसवावे. खर्च थोडा आहे, आणि शिकवू शकणारी माणसे गावात अजून आहेत.